ध्वनिमुद्रिका आणि अभिज्ञान

१

महाभारतातील शकुंतलोपाख्यान नाटकासाठी घेताना कालिदासाने त्यात दोन गोष्टी पदरच्या घातल्या: दुर्वासाचा शाप आणि दुष्यंताची अंगठी. मूळ आख्यानात अंगठी नाही. तेथे राजा शकुंतलेला मनातून ओळखतो, परंतु लोकापवादाच्या भयाने ओळख देत नाही. अखेरीस आकाशवाणी होते आणि राजाची सुटका होते. कालिदासाला एवढ्यावर समाधान मानवले नाही. स्मृतीला हाताने धरता येईल, हरवता येईल आणि पुन्हा सापडेल असे काहीतरी त्याला हवे होते. म्हणून त्याने राजाचे नाव कोरलेली मुद्रिका कथेत आणली आणि नाटकाच्या नावातच ‘अभिज्ञान’ हा शब्द गोवला.

ग्रामोफोनच्या तबकडीला मराठीने ‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्द दिला. हा शब्द घडवणाऱ्याच्या मनात शाकुंतल असेल किंवा नसेल, पण शब्द नेमका पडला आहे यात शंका नाही. १९०२ साली गाइसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजान या गायिकेचा आवाज त्याने मुद्रित केला. गाणे संपता संपता ती स्वतःचे नाव उच्चारते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात घडत. तेथील कामगारांना कोणता आवाज कोणाचा हे कळावे, ही त्यामागची व्यावहारिक सोय. पण मराठी श्रोत्याला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात संतकवीची नाममुद्रा येते ती याच जातीची. रचना हातोहात, मुखोमुखी फिरणार आहे हे ज्याला ठाऊक असते, तो तिच्यात आपले नाव बांधून ठेवतो.

अलीकडे चित्रपटांतून जुन्या तबकड्या पुष्कळ दिसू लागल्या आहेत. जुना काळ उभा करायचा म्हटला की कोपऱ्यात पितळी कर्ण्याचा फोनो येतो, त्यावर काळी तबकडी फिरते आणि खरखरीतून एक स्वर उमटतो. या तबकड्या हेरणारा, ती कोणती, कोणत्या काळची, तिच्यावर खरोखर हेच गाणे होते काय याची चौकशी करणारा एक प्रेक्षकवर्गही आहे. समीक्षक या वर्गाकडे सहसा कौतुकाने पाहत नाहीत. त्याचे काम छांदिष्टाचे, फार तर चुका वेचणाऱ्याचे, असे मानले जाते. या मताचा फेरविचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रश्न मांडायचा तो असा: चित्रपटात दिसणारी ध्वनिमुद्रिका खरी की खोटी, तिच्या काळाची की दुसऱ्याच काळाची, याचे ज्ञान रसास्वादाचा भाग आहे काय? की ते रसास्वादाच्या बाहेरचे, निव्वळ लौकिक ज्ञान आहे?

मराठी समीक्षेला हा प्रश्न नवा नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांच्या संवाद, विरोध आणि समतोल या लयसंबंधांत पाहिले. हा विचार कठोरपणे लावला, तर तबकडीवरील चिठ्ठी १९३५ ची की १९५५ ची, हा प्रश्न कलाकृतीबाहेरचा ठरेल. दुसऱ्या बाजूस क्षेमेंद्राचा औचित्यविचार आहे. त्याने औचित्याच्या स्थानांत देश आणि काळ यांचीही गणना केली आहे. त्याच्या दृष्टीने अस्थानी पडलेली वस्तू हा केवळ माहितीचा दोष राहत नाही. ती रसालाच बाधक होते.

या दोन भूमिकांत वाटते तितका विरोध नाही. चित्रपटात ध्वनी हे इंद्रियांना प्रत्यक्ष भिडणारे द्रव्य आहे. कादंबरीत ‘त्याने तबकडी लावली’ असे वाक्य आले, तर ती तबकडी वाचकाच्या कल्पनेत वाजते आणि वाचक तिला हवी तशी घडवून घेतो. पडद्यावर मात्र ती दिसते आणि ऐकूही येते. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी तबकडी दहा सेकंदांत तेरा वेळा फिरते. सव्वातेहतीस-साडेतेहतीसच्या घरातली, म्हणजे दीर्घवादनाची तबकडी तेवढ्याच वेळात जेमतेम साडेपाच वेळा. पहिलीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावते, दुसरीवर वीस मिनिटांहून अधिक. पहिलीचा पृष्ठभाग कठीण आणि ठिसूळ. जाड पोलादी सुई त्यावर घासत जाते आणि दर एक-दोन बाजूंना ती बदलावी लागते. दुसरी लवचीक, तिची सुई हलकी. त्यांची लय वेगळी, पोत वेगळा, त्यांच्याभोवती होणाऱ्या मानवी हालचालीही वेगळ्या. पहिलीपाशी माणसाला उभे राहावे लागते, चावी द्यावी लागते, दर तीन मिनिटांनी उठावे लागते. दुसरी लावून तो निवांत बसू शकतो. हे सारे ऐंद्रिय आहे. तेव्हा मर्ढेकरांची कसोटी लावली तरी तबकडीचा प्रश्न कलाकृतीच्या आतच येतो.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. चित्रपट पाहताना पडद्यावर फोनो आला की त्यांची तर्जनी गुडघ्यावर ठेका धरू लागते. ते फेरे मोजत असतात. एका अलीकडच्या चित्रपटात, त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, सुई तबकडीच्या कडेवर टेकली आणि गाणे एकदम अंतऱ्यापासून सुरू झाले. गृहस्थ हळूच म्हणाले, “या घरात कुणी गाणं ऐकत नाही.” सभोवार बसलेल्या आम्हा कुणालाच चूक कळली नव्हती. पण त्यांचा शेरा चुकीवर नव्हताच, तो पात्रांवर होता. दिग्दर्शकाने ज्यांना रसिक म्हणून उभे केले होते त्यांना रसिकतेचा साधा सरावही दिलेला नव्हता, आणि ही स्वभावचित्रणाची उणीव होती.

३

जुन्या तबकडीच्या द्रव्याविषयी रायपूरच्या माणसाला काही विशेष सांगण्याचा अधिकार आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी लाखेची असे. नुसत्या लाखेची नव्हे. दगडाची बारीक पूड, काजळी आणि तंतू यांचा त्यात मोठा भाग. पण या साऱ्याला बांधून ठेवणारा आणि स्वराची रेघ उमटू देणारा पदार्थ म्हणजे चपडा लाख. ही लाख पळस, कुसुम आणि बोर यांच्या फांद्यांवर एका सूक्ष्म किड्याच्या स्रावातून जमते. जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा वाटा हिंदुस्थानातून जात असे. झारखंडाच्या जोडीने छत्तीसगड हा आजही लाखेचा प्रमुख प्रदेश आहे, आणि रायपूरच्या दक्षिणेस असलेली धमतरी ही त्या व्यापाराची जुनी पेठ. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडला, तेव्हा अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जुन्या तबकड्या परत गोळा करून त्यांतून नव्या घडवाव्या लागल्या.

ज्या वस्तूला आपण विलायती यंत्राचा भाग समजतो तिच्या देहात आपल्या रानाचा अंश होता. कुसुमाच्या फांद्या खरवडणाऱ्या कुणा गोंड बाईच्या हातची लाख कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात पोहोचली असेल आणि बालगंधर्वांचा किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर धारण करून नागपूरमार्गे रायपूरच्या तात्यापाऱ्यात एखाद्या मराठी घरी परत आली असेल, हे सहज संभवते. १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. मराठी घरांची ये-जा, नाटके, पुस्तके, तबकड्या त्याच वाटेने येत.

या माहितीचा चित्रपटाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. वेर्नर हेर्झोग यांच्या ‘फित्झकराल्डो’ (१९८२) या चित्रपटात नायक पेरूच्या अरण्यातून आगबोट नेत असतो. तीरावरच्या दाट झाडीतून न दिसणाऱ्या लोकांचे ढोल वाजू लागतात. बोटीवरची माणसे भेदरतात. नायक टपावर फोनो नेतो आणि कारूझोची तबकडी लावतो. थोड्या वेळाने ढोल थांबतात. हा प्रसंग सामान्यतः संस्कृतीने अरण्याला घातलेली साद म्हणून वाचला जातो; त्यातील अहंकारही दिग्दर्शकाने लपवलेला नाही. पण तबकडी लाखेची असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या प्रसंगात आणखी एक अर्थ दिसतो. बोटीचा सारा खटाटोप रबरासाठी, म्हणजे झाडाच्या चिकासाठी चालला आहे. आणि जो स्वर अरण्याला ऐकवला जात आहे तोही दुसऱ्या एका अरण्याच्या झाडांवरच्या स्रावात कोरलेला आहे. अरण्याशी बोलायला नायकाजवळ अरण्याचीच वस्तू आहे. हा अर्थ दिग्दर्शकाच्या मनात होता असे मला म्हणायचे नाही. पण वस्तू खरी असली, काळाशी जुळणारी असली, की ती कर्त्याच्या हेतूपलीकडचे अर्थ सोबत घेऊन येते. खोट्या वस्तूजवळ कर्त्याने दिला तेवढाच अर्थ असतो.

४

मग काळाशी न जुळणारी प्रत्येक तबकडी रसभंग करते काय? तसे नाही. फ्रँक डॅराबाँट यांच्या ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ (१९९४) मधील प्रसंग प्रसिद्ध आहे. तुरुंगाच्या ग्रंथालयासाठी आलेल्या वस्तूंत कैदी अँडीला मोझार्टच्या ‘फिगारोचा विवाह’ या संगीतिकेची तबकडी मिळते. तो दार आतून लावून घेतो आणि ध्वनिक्षेपकावरून दोन स्त्रियांचे द्वंद्वगीत साऱ्या तुरुंगाला ऐकवतो. पटांगणातले कैदी जागच्या जागी उभे राहतात. आता, ऐकू येणारे हे मुद्रण कार्ल ब्यॉम यांनी १९६८ मध्ये केलेले आहे. गायिका गुंडुला यानोवित्झ आणि एडिथ माथिस. कथेतील अँडी १९६६ मध्ये तुरुंगातून निसटतो, आणि तबकडी वाजते ती त्याच्याही पुष्कळ आधी. म्हणजे कैद्यांनी ऐकलेले गाणे तोवर कोणी गायलेलेच नव्हते.

हा दोष हेरणाऱ्यांनी हेरला आहे आणि तो खरा आहे. तरीही प्रसंगाला त्याची बाधा होत नाही. कारण त्या प्रसंगाचा अर्थ न ओळखण्यावर उभा आहे. निवेदक रेड आपल्याला सांगतो की त्या बायका काय गात होत्या हे त्याला कळले नाही आणि कळून घ्यायचेही नाही. स्वर कोणाचा, भाषा कोणती, मुद्रण कधीचे, यांपैकी कशावरही चित्रपटाने काही टेकवलेले नाही. शिवाय १९५५ च्या सुमाराची दीर्घवादन तबकडी आणि १९६८ ची, यांत सामान्य कानाला मोठा भेद जाणवत नाही.

यावरून दोन कसोट्या हाती येतात. पहिली: कालविसंगती इंद्रियांना जाणवते काय? दुसरी: त्या तबकडीच्या ओळखीवर चित्रपटाने स्वतः अर्थाचा काही भार ठेवला आहे काय? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर विसंगती टिपेत नोंदवावी आणि पुढे जावे. एकीचे जरी होकारार्थी असेल, तरी समीक्षकाला तिचा विचार करणे भाग आहे.

दुसऱ्या कसोटीचे उदाहरण म्हणून अन्विता दत्त यांचा ‘कला’ (२०२२) हा हिंदी चित्रपट घेऊ. काळ १९३० ते १९५० च्या दरम्यानचा, स्थळ कलकत्ता आणि हिमालयातील एक घर. नायिका पार्श्वगायिका आहे. आईचे प्रेम आणि मान्यता यांसाठी तिने दुसऱ्या एका गायकाचा घात केला आहे. चित्रपटाचा आरंभच तिला मिळालेल्या सोनेरी तबकडीच्या गौरवाने होतो, आणि तिचे यश त्याच तबकडीने मोजले जाते. चित्रपट देखणा आहे, त्रिप्ती डिमरी यांचा अभिनय मनात राहतो. या चित्रपटाची शैली वास्तववादी नाही. चित्रकाराने रंगवलेल्या स्वप्नासारखे त्याचे जग आहे. म्हणून त्यात ‘विनाइल’ हा शब्द येतो तेव्हा, त्या काळच्या तबकड्या लाखेच्या होत्या एवढ्या एकाच कारणासाठी मी अडून बसणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी कलावंताला देण्याची चाल अमेरिकेत १९४२ साली ग्लेन मिलर यांच्यापासून सुरू झाली. त्याच दशकात आपल्याकडे पार्श्वगायिकेची स्थिती काय होती? ‘महल’ (१९४९) मधील ‘आयेगा आनेवाला’ या गीताची तबकडी निघाली तेव्हा तिच्या चिठ्ठीवर गाणारीचे नाव ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे पडद्यावरील पात्राचे नाव. स्वर लता मंगेशकरांचा. साऱ्या देशाने तो स्वर ऐकला आणि कोण गाते म्हणून विचारणा केली. पार्श्वगायनासाठी फिल्मफेअरचे पारितोषिकसुद्धा १९५९ पर्यंत नव्हते. ज्या काळी पार्श्वगायिकेचे नाव मुद्रिकेवर येणे हाच झगडा होता, त्या काळात ‘कला’ने नायिकेला सोन्याची मुद्रिका बहाल केली आहे. तिची व्यथा मान्यतेची आहे असे चित्रपट सांगतो. पण त्या पिढीच्या बायकांना खरोखर कोणती मान्यता नाकारली गेली होती, हे त्या सोन्याच्या लखलखाटात झाकून जाते. येथे कालविसंगतीने विषयाच्याच गाभ्याला धक्का दिला आहे. तबकडी ओळखणाऱ्या प्रेक्षकाने हे दाखवून दिले, तर तो समीक्षेचेच काम करत असतो.

५

मुद्रिकेची ही साक्ष पूर्ण असते असेही समजू नये. बालगंधर्वांचे उदाहरण घ्या. त्यांच्या पुष्कळ ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. रवी जाधव यांच्या ‘बालगंधर्व’ (२०११) या चित्रपटात मात्र पदे आनंद भाटे यांनी नव्याने गायली आहेत. खरा स्वर हाताशी असताना प्रतिकृती का, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर तबकडीच्या लांबीत आहे. रंगभूमीवरचे पद वन्समोअर घेत, प्रेक्षकांच्या दादेबरोबर वाढत जाई. तबकडीवर ते तीन मिनिटांत उरकावे लागले. पद उमलत कसे गेले हे ती सांगत नाही. शिवाय बोलपटाच्या पहिल्या दशकात चित्रपटातील गाणे आणि तबकडीवरचे गाणे ही पुष्कळदा दोन वेगवेगळी मुद्रणे असत. चित्रीकरणाच्या वेळी नटाने जागेवर गायलेले एक, कंपनीसाठी पुन्हा गायलेले दुसरे. पोथ्यांचे पाठभेद लावणाऱ्या पंडितांनी येथे हात घालावा, अशी ही जागा आहे. जुन्या बोलपटातील गाणे म्हणून आज तबकडीवरचे गाणे वापरले जाते, तेव्हा कोणता पाठ प्रमाण मानला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

प्रभातच्या ‘कुंकू’ने (१९३७) या बाबतीत एक आदर्श घालून दिला होता, त्याचे स्मरण येथे होते. व्ही. शांताराम आणि केशवराव भोळे यांनी त्यात रूढ पार्श्वसंगीताचा आधार घेतला नाही; घडामोडींतून निघणारे आवाजच त्यांनी वापरले. आवाज कोठून आला हे प्रेक्षकाला दिसले पाहिजे, असा तो आग्रह होता. आज फोनो दाखवून त्यावर स्टुडिओत नव्याने बनवलेले गाणे आणि कृत्रिम खरखर चढवणारे चित्रपट पाहिले, की हा आग्रह किती मागे पडला आहे हे ध्यानात येते. खरखर ही झिजेची खूण असते; कुणीतरी ती तबकडी शंभर वेळा ऐकल्याचा तो पुरावा असतो. न ऐकलेल्या गाण्यावर ती झीज चढवणे म्हणजे कोऱ्या कागदाला चहाने पिवळे करून त्याला दस्तऐवज म्हणण्यासारखे आहे.

याच्या नेमक्या उलट टोकाला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (२०२०) हा मराठी चित्रपट आहे. शरद नेरूळकर हा ख्याल शिकणारा तरुण. त्याच्या गुरुजींच्याही गुरू असलेल्या माई या थोर गायिका. पण त्यांचे गाणे मुद्रित झालेले नाही. शरदपाशी आहे ती त्यांच्या व्याख्यानांची ध्वनिफीत. रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवताना तो त्यांचा आवाज कानांत घेऊन फिरतो. सुमित्रा भावे यांचा तो संथ, निश्चयी आवाज विसरता येत नाही. आणि हाच शरद पोट भरण्यासाठी विस्मृतीत गेलेल्या गायकांची जुनी मुद्रणे नव्या माध्यमात उतरवण्याचे काम करतो. इतरांच्या मुद्रिका त्याच्या हातांतून जातात. ज्या मुद्रिकेची त्याला आस आहे ती घडलेलीच नाही. पुढे दुर्मीळ मुद्रणांचा एक संग्राहक त्याला भेटतो आणि माई व गुरुजी यांच्याविषयी अशा काही गोष्टी सांगतो की शरदच्या श्रद्धेची घडी विस्कटते. संग्राहक खरे बोलतो की नाही, हे चित्रपट सांगत नाही. पडताळून पाहायला गाणे नाही.

मला या चित्रपटाचे मोठेपण येथे वाटते. त्यात अंगठी हरवलेली नाही, ती मुळात दिलीच गेली नव्हती. मग अभिज्ञान कशाच्या आधारे व्हावे? गाणे ऐकल्याशिवाय गाणाऱ्यावर श्रद्धा ठेवता येते काय, आणि ठेवली तर ती कुठवर टिकते, हा प्रश्न ताम्हाणे यांनी एकही तबकडी वाजवून न दाखवता विचारला आहे.

६

शेवटी पुन्हा रायपूरकडे येतो. ‘दिल्ली-६’ (२००९) या चित्रपटात ‘ससुराल गेंदा फूल’ हे गाणे आले आणि देशभर गाजले. संगीत ए. आर. रहमान यांचे. मुंबई-दिल्लीच्या श्रोत्यांना ते नवे होते. छत्तीसगडात ते कानावर पडताच लोकांनी ओळखले. हे तर आपले लोकगीत, रायपूरच्या जोशी भगिनींच्या आवाजात आपण ऐकलेले. पुढच्याच वर्षी ‘पीपली लाइव्ह’मध्ये छत्तीसगढी ‘चोला माटी के’ नगीन तन्वीर यांच्या स्वरात आले; ते रायपुरात जन्मलेल्या हबीब तन्वीर यांच्या नाट्यपरंपरेतून आलेले. या दुसऱ्या गाण्याबरोबर त्याचे घराणे पडद्यावर आले. पहिल्याच्या वाट्याला, मुंबईपुरते तरी, ‘लोकगीत’ हा एक शब्द आला. लोकगीत म्हटले की ऋण मान्य होते, पण ते कोणाचे हे सांगण्याची गरज राहत नाही. या गाण्यांना अनेक तोंडे आणि अनेक हात लागलेले असतात हे खरे. तरी त्यांतली काही तोंडे नावानिशी ठाऊक असतात.

छत्तीसगढी गाणे येथल्या घरोघरी रुजवले ते रायपूर आकाशवाणीने. १९६३ साली हे केंद्र सुरू झाले. महाभारतातल्या आख्यानात अंगठी नव्हती, तेथे आकाशवाणीने साक्ष दिली. आमच्याकडे तसेच घडले, असे म्हणायचा मोह होतो. फरक इतकाच की पुराणातली आकाशवाणी सभेतल्या सर्वांना ऐकू गेली. येथली साक्ष येथल्याच कानांत राहिली. तबकडी हातोहात देशभर जाते, तिच्यावर नाव असते, आणि पन्नास वर्षांनी रद्दीच्या दुकानात सापडली तरी ती ते नाव सांगते. आठवणीतल्या स्वराला हे साधत नाही. म्हणून जेथे चिठ्ठीवर नाव नसते तेथे ओळखणाऱ्या माणसाची जबाबदारी वाढते.

शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या आरंभी एक धीवर येतो. माशाच्या पोटात त्याला अंगठी सापडलेली असते, ती विकायला तो बाजारात आणतो, आणि राजाचे शिपाई त्याला चोर समजून बांधतात. तो आपली जात आणि धंदा सांगतो, तेव्हा त्याची थट्टाही होते. नाटकाच्या उदात्त कथेत या माणसाला फार थोडी जागा आहे. पण त्याने ती अंगठी ओळखीच्या जागी आणली नसती, तर राजाला काही आठवले नसते. चित्रपटांतील तबकड्या हेरणारे, फेरे मोजणारे, चिठ्ठीवरची नावे वाचणारे लोक मला या धीवरासारखे वाटतात. त्यांच्या हाती सापडलेली प्रत्येक वस्तू राजमुद्रा नसते; पुष्कळदा तो नुसता मासाच असतो. तरी ते जे घेऊन येतात ते समीक्षकाने त्यांना न हिणवता हातात घ्यावे, त्यावर कोणाचे नाव कोरले आहे ते वाचावे, आणि मग निर्णय द्यावा. शाकुंतलातल्या राजाने अंगठी पाहिल्यावर धीवराला तिच्या मोलाइतके बक्षीस पाठवले होते. आपण निदान त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे.